इंग्रजांची मोठी जहाजं जिथं यायला कचरायची, त्या उथळ पाण्यावर कान्होजी आंग्रेंनी तीस वर्षं राज्य केलं

शुक्रवारी रात्री पुण्यातून निघालेल्या गाड्या शनिवारी सकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर लागतात. समोर समुद्रात कुलाबा किल्ला. ओहोटी असेल तर लोक ओल्या वाळूतून चालत किंवा घोडागाडीत बसून थेट किल्ल्याच्या दरवाजात जातात. तटावर फोटो होतात, रील होतात आणि या सगळ्यात घड्याळ बघायचं राहून जातं. परत निघायची वेळ येते तेव्हा ज्या वाळूवर पायाचे ठसे उमटले होते तिथं छातीएवढं पाणी असतं. मग होडीची वाट बघायची, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबायचं. जे थांबत नाहीत, त्यांच्या बातम्या येतात.

पर्यटकाला अडकवणारं हे पाणी ३०० वर्षांपूर्वी एका माणसानं स्वतःच्या बाजूनं लढायला लावलं होतं. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी अशा चार सत्ता त्यांच्या विरोधात होत्या. यातल्या एकालाही ते हयात असेपर्यंत त्यांचा एकही महत्त्वाचा जलदुर्ग कायमचा घेता आला नाही. ते म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

शाळेच्या पुस्तकात कान्होजी भेटतात ते तोफा, तलवार आणि इंग्रजांना घाम फोडणारे दर्यावर्दी म्हणून. ते खरंच आहे. पण त्यांच्या जहाजांचा तळ कसा होता, हे कुणी सांगत नाही आणि खरी गंमत तिथं आहे.

ती समजायला आधी आजच्या काळातली एक वस्तू बघू. विंडसर्फिंगची फळी.

तुम्ही गोव्यात किंवा निदान इन्स्टावर बघितली असेल. लांब फळी, तिच्यावर एक शीड आणि शिडाला धरून उभा राहिलेला माणूस. वारा बाजूनं येत असतो, तरी फळी पुढं जाते. कशी? तर फळीच्या खाली, मागच्या टोकाला माशाच्या परासारखं एक पातं असतं. त्याला फिन म्हणतात. वारा फळीला आडवं ढकलायला बघतो, फिन पाण्याला धरून ठेवतं आणि आडवं जायला अडवतं. मग तो जोर पुढं जाण्यात वळतो. फिन काढून टाकलं तर शीड कितीही भारी असू दे, फळी खेकड्यासारखी तिरकी घसरत राहील.

आता फिन किती लांब घ्यायचं? शीड मोठं आणि वारा मंद असेल तर लांब फिन लागतं, कारण ते पाण्याला जास्त पकड देतं आणि वाऱ्याच्या दिशेनं वर चढायला मदत करतं. वारा जोराचा असला की शीड छोटं आणि फिनही छोटं. लाटांवर खेळणाऱ्यांचं फिन साधारण वीतभर, तर मंद वाऱ्यात शर्यत मारणाऱ्यांचं ७० सेंटीमीटरपर्यंत जातं. फार छोटं घेतलं तर वेगात असताना पकड सुटते आणि फळीची शेपूट अचानक बाजूला घसरते. खेळाडू त्याला स्पिन-आऊट म्हणतात.

मग सगळ्यांनी लांबच घ्यावं की! तर नाही. पाणी दोन फूट असेल आणि फिन दीड फुटाचं, तर एखादा वाळूचा उंचवटा पुरतो. फिन रुततं, फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस मात्र त्याच वेगानं पुढं फेकला जातो. खाली पाणी कमी म्हणजे डोकं थेट वाळूवर किंवा खडकावर. मानेला होणाऱ्या दुखापती अशाच होतात. म्हणून उथळ पाण्यात आखूड पण बुडाला रुंद फिन लावतात. शेवाळ असेल तर मागं झुकलेलं, म्हणजे शेवाळ अडकत नाही, घसरून जातं. पकड थोडी कमी मिळते, पण आपटायची भीतीही कमी होते.

म्हणजे पकड हवी तर खोली लागते आणि उथळ पाण्यात शिरायचं तर पकड सोडावी लागते. दोन्ही एकत्र मिळत नाही. शिडाच्या प्रत्येक जहाजाला हा हिशेब चुकत नाही, आणि कान्होजींनी तो फार लवकर सोडवला होता.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या मावळातल्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. म्हणजे दर्याचा राजा मुळात घाटावरचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांची नेमणूक हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर होती. त्यामुळं कान्होजींचं बालपण गेलं ते भरती-ओहोटी बघत, कोळी-भंडाऱ्यांच्या पोरांबरोबर.

त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट कोकणात आवडीनं सांगतात. संभाजी महाराजांच्या शेवटच्या काळात सिद्दीनं सुवर्णदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फितूर होऊन किल्ला द्यायला निघाला. विशीतल्या कान्होजींनी त्यालाच कैद केलं आणि किल्ल्याची सूत्रं हातात घेतली. पुढं एका चकमकीत ते स्वतः सिद्दीच्या हाती लागले, पण निसटले आणि पोहत किल्ल्यात परत आले. यातला तपशील बखरीतला किती आणि घडलेला किती हे वेगळं काढणं अवघड आहे. पण सुवर्णदुर्ग पडला नाही आणि पोराचं नाव झालं, एवढं नक्की.

त्यानंतरचा काळ मराठ्यांसाठी सगळ्यात वाईट होता. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. अशा वेळी किनारा सांभाळायचं काम सिधोजी गुजर यांच्याकडं होतं आणि कान्होजी त्यांच्या हाताखाली होते. १६९८ मध्ये सिधोजी वारले आणि आरमाराची सूत्रं कान्होजींकडं आली. पद सरखेल. मुक्काम कुलाबा.

कुलाबाच का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाला. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खडकाळ बेट. तटाचे मोठमोठे चिरे चुना न भरता एकमेकांवर रचलेले, म्हणजे लाट आपटली की पाणी फटीतून शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याची सोय. आणि भोवती कधी वाळू, कधी समुद्र. ओहोटीला पायदळ चालून येऊ शकतं, पण ते सहा तासांच्या आत परतलं नाही तर मागं समुद्र उभा. भरतीला जहाज येऊ शकतं, पण खाली खडक.

कुलाब्याच्या या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपासचा फरक पडतो. चार मीटर म्हणजे घराच्या मजल्याहून जास्त. आणि पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांची भरती धरली आणि एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. चार मीटरमधले दोन मीटर दोन तासांत. पहिल्या तासात घोटाभर पाणी बघून अजून वेळ आहे असं ज्याला वाटतं, तो इथंच फसतो.

कोकणातल्या जुन्या माणसांना यासाठी ॲप लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास पुढं-मागं ओहोटी. रोज साधारण पन्नास मिनिटांनी वेळ पुढं सरकते, म्हणून हे गणित जुळतं. किल्ल्यात जाताना छापील वेळापत्रक बघितलेलंच बरं, पण तिथी माहीत असली की अंदाज लगेच येतो.

तर अशा पाण्यात कान्होजींनी जहाजं कोणती वापरली? दोन प्रकारची. गुराब आणि गलबत.

गुराब हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ कावळा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, वजन साधारण १५० ते ३०० टन. लांबीच्या मानानं रुंद, पुढं निमुळतं होत गेलेलं आणि पाण्याखाली फार खोल न जाणारं. पुढच्या टोकाला तोफा. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आतलं. शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. याउलट ईस्ट इंडिया कंपनीचं भरलेलं व्यापारी जहाज चारशे-पाचशे टनांचं, पाण्याखाली साधारण चार-पाच मीटर बुडालेलं. भर समुद्रात वाऱ्याला धरून राहायला ते उत्तम. पण खाडीच्या तोंडाशी त्याच्या कप्तानाचं सगळं लक्ष शत्रूपेक्षा तळाकडं. दोरीला शिसं बांधून एक माणूस सतत खोली मोजत बसलेला.

कान्होजींच्या जहाजांनी पकड सोडून उथळपणा घेतला होता. याची किंमतही होती. खोल समुद्रात, जोराच्या वाऱ्यात असं जहाज वाहवत जातं. तोफांच्या समोरासमोरच्या लढाईत युरोपीय जहाजाच्या एका बाजूच्या तोफा गुराबाला पुरून उरतील. म्हणून कान्होजी तिथं लढायलाच जात नसत.

त्यांची पद्धत वाऱ्यावर बेतलेली होती. पावसाळा संपला की कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडं वारा वाहतो, तो मतलई. दुपारी समुद्राकडून जमिनीकडं, तो खारा. मधल्या वेळेत वारा पडतो. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज ओंडक्यासारखं तरंगत राहतं आणि नेमकी तीच वेळ गलबतांची. वल्ही मारत ती गुराबांना ओढून आणायची आणि मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूला उभं करायची, जिथं त्याच्या तोफा सगळ्यात कमी असतात. पुढच्या तोफांनी शिडं आणि डोलकाठ्या मोडायच्या. मग गलबतातली माणसं चहूबाजूंनी जहाजावर चढायची. जमलं नाही तर खाडीत शिरायचं. मागं येणार कोण?

मतलई वाऱ्याचा हा भाग आज विंडसर्फिंग शिकणाऱ्यानंही लक्षात ठेवण्यासारखा आहे. किनाऱ्याकडून समुद्राकडं वाहणाऱ्या वाऱ्यात पाणी शांत दिसतं, म्हणून नवख्याला तीच वेळ सोपी वाटते. पण हात दुखले, शीड उचलेना झालं, की तो वारा आत नेतो. कान्होजींच्या तांडेलांना परतीसाठी दुपारचा खारा वारा ठरलेला असायचा. नवख्या माणसाकडं ना वल्ही असतात ना तांडेल.

१७०० नंतरच्या दशकात कान्होजींनी व्यवस्था घट्ट केली. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचं दस्तक घ्यायचं, पैसे भरायचे. न घेता गेलं तर जहाज जप्त. इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा ठरवलं ते यावरून. गंमत म्हणजे पोर्तुगीज गेली दोनशे वर्षं याच समुद्रात हेच करत होते, त्यांच्या परवान्याचं नाव कार्ताझ. पोर्तुगीजांनी घेतला तर कर आणि कान्होजींनी घेतला तर दरोडा, असा तो न्याय होता.

१७१२ च्या नोव्हेंबरमध्ये कान्होजींच्या गुराबांनी थेट मुंबईचे गव्हर्नर विल्यम ऐसलाबी यांची सशस्त्र नौका पकडली. तिच्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख म्हणून निघालेला कंपनीचा अधिकारी आणि त्याची तरुण बायको होती. लढाईत अधिकारी मारला गेला, बायको कैद झाली. कंपनीनं तीस हजार रुपये मोजले तेव्हा १७१३ च्या सुरुवातीला तिची सुटका झाली. मुंबईत यावरून किती संताप झाला असेल याची कल्पना येते. ज्या बाईचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, ती महिनोन्‌महिने कैदेत राहिली, हीसुद्धा कान्होजींच्या काळाची एक बाजू आहे आणि ती झाकायचं कारण नाही.

याच सुमारास त्यांची गाठ पुण्याच्या इतिहासाशी पडते.

छत्रपती शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते आणि ताराराणींशी त्यांचा वाद चालू होता. कान्होजी ताराराणींच्या बाजूनं. शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं आणि लोहगड घेतला. ज्यांना सगळे पाण्यातला माणूस समजत होते, ते घाट चढून पुण्याच्या उंबऱ्यावर आले होते.

शाहूंनी मग नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीच्या मुक्कामी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद दिलं. आज जिथून सोलापूरला जाताना ट्रॅफिक लागतं, तीच मांजरी. पेशवे घराण्याची सुरुवात इथं झाली आणि ती होण्यामागचं तातडीचं कारण कान्होजी होते. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातले. कान्होजींना ते ओळखत होते. फौज घेऊन लढण्याऐवजी त्यांनी लोणावळ्याकडं कान्होजींशी बोलणी केली. १७१४ च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं, कैदेतले पेशवे सोडले. बदल्यात सरखेलपद कायम झालं आणि कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्यासह दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडं राहिली.

पाठ सुरक्षित झाली. आता समोर फक्त समुद्र.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांनी मुंबईला तट बांधला, जहाजं बांधायला घेतली आणि आंग्रेंना संपवायचं ठरवलं. १७१७ मध्ये विजयदुर्गावर पहिला हल्ला झाला. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या तोंडावर आहे. खाडी आत लांबवर जाते, पण मोठ्या जहाजानं तिच्यात शिरायचं म्हणजे किल्ल्याच्या तोफांखालून, अनोळखी तळावरून. इंग्रजांनी बाहेरून तोफा डागल्या, खडकावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. माणसं उतरवली, तर तटाला लावायच्या शिड्या आखूड पडल्या. परत गेले.

१७१८ मध्ये खांदेरी. मुंबईच्या तोंडासमोरचं बेट, त्यामुळं इंग्रजांच्या डोळ्यात सलणारं. बेटाभोवती खडप, होडी लावायला जागा मोजकी. उतरलेली माणसं उघड्यावर सापडली. रसद तोडायला इंग्रजांनी होड्या पेरून ठेवल्या होत्या, तरी कान्होजींच्या होड्या त्यांच्यामधून बेटावर पोचल्याच. हाही हल्ला फसला.

यानंतर बून साहेबांनी जे केलं ते वाचून त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटतो. आपलं कुठं चुकतंय हे त्यांना कळलं. जहाजं खोल आहेत, म्हणून किल्ल्याजवळ जाता येत नाही. मग उथळ पाण्यात चालेल असं काहीतरी बांधायचं! त्यांनी सपाट तळाचा, जाडजूड लाकडी भिंतींचा एक तरंगता तोफखाना बांधून घेतला. नाव फ्राम. त्यावर ४८ पौंडी तोफा चढवल्या. १७२० मध्ये हे धूड विजयदुर्गासमोर नेलं. आणि तोफा डागल्या तेव्हा लक्षात आलं की तोफांसाठी ठेवलेल्या खिडक्याच फार खाली आहेत. तोफेचं तोंड पुरेसं वर होईना आणि गोळे किल्ल्याआधीच पाण्यात. सुतार बोलावून दुरुस्ती करावी लागली, पण किल्ला काही पडला नाही.

फ्रामचं दुखणं फक्त खिडक्यांचं नव्हतं. सपाट तळ केला म्हणजे गुराब झालं असं होत नाही. कान्होजींच्या उथळ जहाजांबरोबर वल्ही होती, हलकेपणा होता आणि तळ पाठ असलेले कोळी होते. फ्राम स्वतःच्या जोरावर धड हलूही शकत नव्हतं, त्याला ओढून न्यावं लागायचं. फिन आखूड लावलं म्हणून कुणी उथळ पाण्यात सुरक्षित होत नाही, तसंच हे. खाली काय आहे ते आधी चालत जाऊन बघावं लागतं. ओहोटीला किनारा उघडा पडतो तेव्हा खडक कुठं, वाळूचा दांडा कुठं, जाळ्याचे खुंट कुठं हे डोळ्यांनी दिसतं. पाणी चढल्यावर तेच सगळं एकसारखं निळं होतं. कोकणच्या खडकांवर कालवांचे कवच ब्लेडसारखे असतात, म्हणून पायात बूट हवेत. वाळूत पाकट दबा धरून बसतं, म्हणून पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालायचं. तोल गेलाच तर डोक्यावर सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा बसल्यासारखं पडायचं. आणि लाटेत फळी स्वतःच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये कधीच ठेवायची नाही, कारण लाट आली की फळी माणसावर आदळते. हे शिकायला कुठल्या महागड्या सामानाची गरज नाही.

१७२१ ला मात्र कान्होजींवरचं सगळ्यात मोठं संकट आलं. इंग्लंडहून थॉमस मॅथ्यूज यांच्या नेतृत्वाखाली राजाच्या नौदलाची जहाजं आली. गोव्याचे पोर्तुगीज त्यांना मिळाले. दोघांनी मिळून सुमारे सहा हजारांची फौज चौलला जमवली आणि डिसेंबरमध्ये कुलाब्यावर चाल केली. एवढं बलाढ्य आरमार हाताशी असूनही मुख्य हल्ला जमिनीवरून करावा लागला, यातच सगळं आलं. कुलाब्याजवळचं पाणी त्या जहाजांचं नव्हतंच.

पण जमिनीवर कान्होजींच्या मदतीला घाटावरून घोडदळ आलं होतं. बाळाजी विश्वनाथांनी केलेला तह सात वर्षांनी कामी आला. पिलाजी जाधवराव आले, पाठोपाठ बाळाजींचे चिरंजीव, नवे पेशवे बाजीराव. अलिबागच्या वाळूवर मराठी घोडदळासमोर पोर्तुगीज आधी मोडले, मग इंग्रजही तोफा टाकून मागं हटले. त्या काळच्या वृत्तांतात एक किस्सा येतो. एका मराठा स्वारानं खुद्द मॅथ्यूज यांच्या मांडीत भाला मारला. ते चिडून घोड्यावरून त्याच्या मागं गेले, पिस्तूल रोखलं आणि तेव्हा कळलं की त्यात बारच भरलेला नाही. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह करून टाकला. इंग्रज एकटे पडले आणि मुंबईला परतले.

१७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावलं. सात जहाजं आणली होती. तीही परत गेली.

विजयदुर्गाबद्दल आणखी एक गोष्ट हमखास शेअर होते, ती म्हणजे पाण्याखालची भिंत. किल्ल्याजवळ समुद्राच्या तळाशी दगडांची एक रचना आहे आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तिचा अभ्यास केला आहे. ती शिवकालात मुद्दाम बांधली की आधीपासूनची नैसर्गिक रचना आहे, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. ती माणसानं बांधली असो वा निसर्गानं, जहाजाच्या तळाला दोन्ही सारखीच लागते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी अलिबागला वारले. वय साठच्या आसपास. तेव्हा साष्टीजवळच्या खाड्यांपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांच्या दस्तकाशिवाय फिरणं धोक्याचं होतं. अलिबाग शहर त्यांच्याच काळात वाढलं, तिथला अलिबागी रुपया प्रसिद्ध झाला. त्यांची समाधी आजही शहरात आहे. किल्ला बघायला येणाऱ्यांच्या मानानं तिथं जाणारे फारच कमी.

पुढची गोष्ट वाईट आहे. थोरले चिरंजीव सेखोजी चारच वर्षांत गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत दौलत वाटली गेली, कुलाबा एकाकडं, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग दुसऱ्याकडं. संभाजींनंतर आलेले तुळाजी शूर होते, पण पुण्याशी त्यांचं बिनसलं. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्या विरोधात इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला, खाडीच्या त्याच सुरक्षित पाण्यात एकमेकांना खेटून उभं होतं. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाजही इंग्रजांकडूनच जिंकलेलं, नाव रिस्टोरेशन. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि काही तासांत सगळं आरमार जळालं. कान्होजी असते तर त्यांनी जहाजं अशी एका जागी कोंडली असती का, यावर कोकणात आजही वाद घालता येतो. पण पेशव्यांशी त्यांनी बिघडवलं नसतं, हे १७१४ आणि १७२१ बघून म्हणता येतं.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये नौदलानं मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिलं. १९९८ मध्ये खांदेरीला कान्होजी आंग्रे बेट असं नाव मिळालं. त्या बेटावर इंग्रजांनी १८६७ मध्ये बांधलेलं दीपगृह आहे. तेही आता कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणून ओळखलं जातं आणि मुंबई बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांना रात्री खडक कुठं आहेत ते दाखवतं.